थांबण्याचा गृहपाठ

“व्हॉट डिड यू ईट टुडे?”

प्रितीने विचारलं आणि ओठ मिटून घेतले. मनात नाम सुरू केलं. श्रीराम जय राम जय जय राम. एक झालं. समोर श्रेया मांडी घालून छताकडे बघत बसली होती. दुसरं झालं. प्रितीची बोटं बांगड्या फिरवायला लागली. खाली मंडळाच्या मांडवाचे बांबू कोणीतरी धाडधाड टाकत होतं. तिसरं नाम अर्ध्यावर असताना तिच्या तोंडून गेलंच,

“पोहे? यू एट पोहे, ना?”

श्रेयाने कपाळाला हात लावला. “आई, परत.”

“अगं, तू बोलतच नव्हतीस.”

“बोलणारच होते. मुद्दाम उशीर कर, असं तूच सांगितलंस ना मला?”

डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल हे सगळं रेकॉर्ड करत होता. प्रितीने तो बंद केला, पुसला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

परदेशातल्या त्या ऑनलाइन कोर्सला तिने आपल्या इंग्रजीच्या तासाचा व्हिडिओ पाठवला होता. बरोबरच्या सगळ्यांनी कौतुक केलं. कझाकस्तानच्या एका शिक्षिकेने तर मुलांच्या शिस्तीला हात जोडल्याचं चित्र टाकलं. शिकवणाऱ्या फिओनाबाईंनी मात्र दोनच ओळी लिहिल्या. प्रश्न तुमचे छान आहेत, पण उत्तरंही तुमचीच आहेत. विचारा, पाच सेकंद थांबा.

प्रितीने व्हिडिओ पुन्हा पाहिला. खरंच होतं. मुलांनी तोंड उघडेपर्यंत तिचं उत्तर फळ्यावर लिहूनसुद्धा झालं होतं. आता सोमवारी वर्गात नवा व्हिडिओ घ्यायचा. त्यातही थांबता आलं नाही तर कोर्स तिथेच संपणार. तेव्हापासून तिला स्वस्थता नव्हती. सेकंद मोजले की छाती धडधडायची, म्हणून तिने नाम धरलं. पाच सेकंदांना पाच नामं. पण एकदाही पाचवं गाठता आलं नव्हतं. आज शाळेतून आल्यावर शनिवारच्या उपासाची खिचडी तिने उभ्यानेच खाल्ली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

“सकाळी पोथी होईपर्यंत कशी गप्प असतेस?” श्रेया म्हणाली. “बेल वाजली तरी बोलत नाहीस. तसंच करायचं.”

“तिथे देव गप्प असतो, त्याची सवय झालीय. तुम्ही गप्प बसलात की वाटतं, काहीतरी बिनसलंय.”

“आणि घरातही तेच करतेस. परवा मला विचारलंस, कुठून आलीस. आणि लगेच तूच म्हणालीस, वर्गातल्या त्या प्रितेशकडूनच ना.”

“मग, आली नव्हतीस का तिथून?”

“लायब्ररीतून आले होते. थांबली असतीस तर कळलं असतं.”

प्रिती काही बोलणार, एवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवर बाबा जागे झाले. बाबा म्हणजे तिचे सासरे. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा यायचा. आधी ओठ हलायचे, मग कधीतरी आवाज. म्हणून घरात सगळ्यांनी त्यांची वाक्यं पुरी करायला शिकून घेतलं होतं. ‘पा’ म्हटलं की पाणी, ‘पं’ म्हटलं की पंखा. दुपारी उठल्यावर रोज एकच.

“च…” बाबा म्हणाले. “चहा…”

“हो बाबा, ठेवते.”

प्रिती आत गेलीसुद्धा. गॅस पेटवला, आधण ठेवलं, दूधही त्यातच ओतलं.

“आई,” बाहेरून श्रेया हसत म्हणाली, “आजोबांवर कर ना प्रॅक्टिस. ते कोणालाही थांबायला लावतील.”

“श्रेया.”

तिने मुलीला दटावलं खरं, पण साखरेचा डबा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. मग डबा ठेवला, पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन खाटेच्या कडेवर बसली.

“बाबा, काय म्हणत होतात?”

आणि ओठ मिटून घेतले.

पहिलं नाम झालं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आपलं वाक्य तिच्याकडून यायची त्यांनाही सवय झाली होती.

“चहा…” ते पुन्हा म्हणाले.

तिने मान हलवली नाही. दुसरं झालं. तिसरं झालं. आत आधण खदखदायला लागलं. खाटेशी सरकून बसलेल्या श्रेयाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तसा प्रितीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांचा बरा हात चादरीवर पुढे-मागे होत होता. त्यांच्या गळ्याची शीर ताणली, सैल पडली, पुन्हा ताणली. चौथं झालं, पाचवं झालं. मग किती झाली ते तिला कळेना.

“…नको,” बाबा म्हणाले.



“नको… गो.”

आत चहा उतू गेला. जळक्या दुधाचा वास आला, तशी श्रेया धावत जाऊन गॅस बंद करून आली. येऊन ती आजोबांच्या पायाशी उभी राहिली. आता ती हसत नव्हती.

“आजोबा, मग इतके दिवस का पीत होतात?”

उत्तर प्रितीच्या जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं. बाबांचे ओठ हलायला लागले होते.