परत द्यायचं यंत्र

तिरडी बांधून झाली तरी गोदूबाई दारातून हलेना.

"वयनी, बाजूला हो," तिचा धाकटा दीर भिवाजी म्हणाला. "चार वाजत आले. उजेड हाय तवर उरकाया पायजे."

"डॉक्टर निघालेत, भावजी. शेजारच्या नाथानं पीसीओवरनं फोन केलाय."

अंगणात जमलेलं बाळकुम गाव चुळबुळत होतं. कुणी मनगटावरचं घड्याळ बघत होतं, कुणी उगाच खाडीकडे. दौलत पहाटे झोपेतच गेला होता, मेंदूची शीर फुटून. आणि आता त्याची बायको त्याला घरात अडवून बसली होती. तेही एका यंत्रासाठी.

ते यंत्र दौलतच्या छातीत होतं, डाव्या खांद्याखाली, काडेपेटीएवढं. हृदयाचा ठोका चुकला की ते तो पाडायचं. आत सेल होता, आणि त्यात अजून पाच-सहा वर्षांचा दम होता. ठाण्याच्या इस्पितळात सगुणा नावाची एकोणीस वर्षांची पोर आठ दिवस हृदयाला बाहेरून जोडलेल्या तात्पुरत्या तारेवर पडून होती. नवं यंत्र तिच्या घरच्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. दौलतचं वेळेत काढलं तर ते धुऊनपुसून, निर्जंतुक करून तिला बसणार होतं. चितेवर गेलं तर फटाक्यासारखं फुटणार होतं, एवढंच.

दौलत असता तर त्याने वाद मिटवला असता. निदान वाढवला तरी असता. माजिवड्याच्या नाक्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाला नवा सेल देण्याआधी तो जुना मागून घ्यायचा. एकदा होळीत कुणीतरी सेल टाकला, तो फुटला आणि गल्लीतल्या सहदेवची पोटरी भाजली. तेव्हापासून दौलतचं हे वेड फारच वाढलं. संपलेले सेल डालड्याच्या डब्यांत, डबे खाटेखाली. "ह्यांची सोय व्हईल तवा व्हईल," तो म्हणायचा, "पन खाडीत न्हाय आनि जाळात न्हाय." खाटेखाली आता झाडू जायलाही जागा उरली नव्हती.

तसा तो विक्षिप्तच. गेली तीन वर्षं दर भाऊबीजेला सुकटीची पिशवी घेऊन मानपाड्याच्या कुठल्याशा घरी जायचा. "तिकडं कोन बहीन काढलीस रे?" भिवाजी चिडवायचा. दौलत नुसता हसायचा.

"त्याला कापू देनार न्हाय मी," भिवाजी आता म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. थोरल्या भावाने त्याला बापासारखं वाढवलं होतं. त्याच्या अंगाला सुरी लागणार ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. "आखा आला, आखा जाऊ दे."

"भिवाजी, ओरडू नको. तुला सोसत न्हाय," म्हातारे काळुराम म्हणाले.

"कसं ओरडू नको? मेलेल्याचं उतरवलेलं जित्या पोरीच्या अंगात घालनार? भूतबाधा व्हईल तिला! मना बी तीन वर्सांपूर्वी यंत्र बसवलंय ना? माझ्या भावानं परदेशातनं नवाकोरं मागवलेलं. असलं कोनाचं उष्टं त्यानं मना बसवू दिलं असतं का?"

गोदूबाईच्या ओठावर काहीतरी आलं. तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

"त्यांनीच सांगून ठेवलंय," बोळा काढून ती म्हणाली. "माझ्यामागं ते परत दे म्हनून."

"परत? कोनाला परत? त्याचं सोताचं होतं ते!"

ती रस्त्याकडे बघत राहिली.

भिवाजी ओट्याच्या कडेला गेला. तिथे अग्नीचं मडकं तयार होतं. त्याने ते पायानेच थोडं दूर सारलं.

"मग आईक. त्याला कापलंस तर मी अग्नी देनार न्हाय. खांदा देनार न्हाय. ह्या घराची पायरी चढनार न्हाय."

गोदूबाईला मूलबाळ नव्हतं. अग्नी द्यायचा तो भिवाजीनेच. ती दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिली. नवऱ्याचा शब्द पाळावा, तर त्याचीच चिता परक्याच्या हाताने पेटणार होती.

तेवढ्यात रिक्षा वाजली.

दोन्ही भावांना यंत्र बसवणारे ठाण्याचे डॉक्टर उतरले. हातात बॅग, कपाळावर घाम. दारात त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"तुमची परवानगी आहे ना, बाई?"

गोदूबाईने भिवाजीकडे बघितलं. तो पाठ करून बसला होता.

"हाय," ती म्हणाली. तिला रडू कोसळलं.

दार लागलं. नाथाने दोनदा विडी पेटवली आणि दोनदा विझवली. काळुराम भिवाजीच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर त्याने तो झटकला.

पाव तासाने दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात स्टीलचा छोटा डबा होता.

"दोन टाके घातलेत. काही दिसत नाही," ते गोदूबाईला म्हणाले. "पोरीला उद्याच बसवतो. दौलतरावांनी शब्द पाळला."

ते चपला घालायला वाकले, तेव्हा ओट्यावर बसलेला भिवाजी त्यांना दिसला. ओळखीचं हसत ते जवळ गेले आणि सवयीने त्याचं मनगट हातात घेतलं. भिवाजीने हात ओढला नाही. तेवढंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघत नाडी मोजली.

"यंत्र छान चाललंय की, भिवाजी. काळजी करू नका. मानपाड्याच्या त्या बाईंनी वर्षभरच तर वापरलं होतं."