तीस हजार एकतीस

अर्धांगाच्या झटक्याने मास्तरांची वाचा जाऊन तीन महिने झाले होते. जन्मभर गणित शिकवलेला माणूस आता इस्पितळात भिंतीकडे बघत पडून असे. डॉक्टरांनी हात टेकले होते, लेकीने नव्हते. ती रोज दुपारी उशाशी बसून त्यांच्या जुन्या वहीतली एखादी संख्या मोठ्याने सोडवायची.

त्या दिवशी ३००३१ निघाली.

"बाबा, ही फार हट्टी आहे हो. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, कशानेही भागा, बाकी एकच उरते. मूळ संख्याच असणार."

भिंतीवर पलीकडून टकटक झाली.

"पलीकडे कोण असतं?" तिने नर्सबाईंना विचारलं.

"कोण असणार? तिसरा मजला हा, शेवटची खोली. त्या भिंतीमागे नुसती हवा."

टकटक संथपणे चालूच राहिली. लेक नकळत मोजत गेली. एकोणसाठाव्या ठोक्याला आवाज थांबला. तिने वहीत एकोणसाठने भागून पाहिलं. भागाकार पाचशे नऊ, बाकी शून्य.

तेवढ्यात ठोके पुन्हा सुरू झाले, आणि या खेपेला एकोणसाठावर थांबले नाहीत. शंभराच्या पुढे तिच्या लक्षात आलं, की खोलीत आणखी कुणीतरी मोजतंय. आवाज घोगरा होता, पण ओळखीचा होता. नर्सबाई दाराशीच खिळल्या.

"पाचशे आठ," मास्तर स्पष्ट म्हणाले. लुळ्या हाताने त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं, आणि दोघं भिंतीकडे बघत शेवटच्या ठोक्याची वाट पाहू लागले.