जाडा कोट

चिनी नववर्षाला दक्षिण चीनच्या उबदार किनाऱ्यावर बर्फाचं वादळ येणार, हे प्रबोधने सिंगापूरच्या खासगी हवामान कंपनीत बसून सगळ्यांच्या आधी ओळखलं. साहेब खूश झाला. म्हणाला, "ही बातमी फक्त आपल्या गिऱ्हाइकांसाठी. बाहेर अवाक्षर काढलंस तर नोकरी गेली समज."

त्याच संध्याकाळी पुंगोल उपनगरातल्या त्याच्या फ्लॅटवर शेजारची चेन आंटी आली. सणाला ती त्याच किनाऱ्यावर, बहिणीकडे निघाली होती.

"तू हवामानवाला ना? तिकडे थंडी असेल का रे?"

जिभेवर आलेलं वादळ प्रबोधने चहाबरोबर गिळलं. "नेहमीसारखंच असेल, आंटी."

"मग हे ओझं कशाला, लाह!" असं सिंगापुरी हेलात म्हणत तिने आपला जाडा कोट प्रबोधच्या बायकोकडे, चैत्रालीकडे, ठेवायला दिला, आणि बॅगेत झालेल्या जागेत भाचरांसाठी बिस्किटांचे डबे भरले.

वादळ प्रबोधच्या अंदाजाला जागलं. महिन्याभराने कंपनीने त्याचा सत्कार ठेवला. हॉलमधल्या एसीने सत्कारमूर्ती कुडकुडायला लागली.

चैत्रालीने पिशवीतून आंटीचा कोट काढून नवऱ्याच्या खांद्यांवर टाकला.

"घाला. ती काही आता परत मागायला येत नाही."