मधल्या दारातला दिवा

गेल्या तारखेला न्यायाधीश बाईंनी बजावलं होतं, "तुमचे चेहरे दिसत नाहीत. उजेडात बसा, नाहीतर घटस्फोट लांबेल." तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत भर दुपारीही अंधार असायचा. त्यामुळे आज व्हिडिओ कॉलच्या आधी घरातल्या एकुलत्या एका टेबल लॅम्पवरून नवरा-बायकोची जुंपली.

"दिवा माझ्या माहेरचा आहे."

"बल्ब मी आणलाय. काढून घेऊ?"

शेवटी दिवा मधल्या दारात ठेवला. अर्धा उजेड हॉलमध्ये त्याच्या तोंडावर, अर्धा बेडरूममध्ये तिच्या. दोघांच्याही कानांत इअरफोन, दोघांच्याही मागे कोरी भिंत. आज निकाल लागला की या माणसापासून कायमची सुटका, एवढ्यासाठी ती ओठ घट्ट मिटून बसली.

"किती दिवस वेगळ्या घरांत राहताय?" बाईंनी विचारलं.

"दीड वर्ष, मॅडम," तो म्हणाला. "या बाईचं थोबाडसुद्धा पाहिलेलं नाही मी. फार सुखात आहे."

थोबाड! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बस म्हणावं आता अंधारात! तिने हात लांबवून दिव्याची पिन खसकन ओढली.

स्क्रीनवरचे दोन्ही चेहरे एकाच क्षणी काळे पडले.

"लाइट गेली, मॅडम!" घाबरून दोघंही एका सुरात म्हणाले.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. "वेगळं व्हायचंय म्हणता, आणि खोटं मात्र जोडीनं बोलता!"