खांबांसाठी बंधारा

वादळानं वाळू ओढून नेली आणि किनाऱ्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या लाकडी खांबांचं रिंगण उघडं पडलं. लाटा ते कुरतडू लागल्या, तसा लगोलग बंधारा मंजूर झाला, फक्त रिंगणापुरता.

तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन चांगुणा बंधाऱ्याचं काम पाहणाऱ्या सरकारी साहेबांपुढं उभी ठाकली. "आमची पडवी दर्यानं गिळली तेव्हा निधी नव्हता. आता एकच खोली उरलीय. तीही जाऊ द्यायची?"

"बाई, इथं राहिलेल्या माणसांची ही खूण आहे."

"मग आम्ही काय खेकडे?"

लेक साहेबांच्या हातात देऊन ती तरातरा घरी गेली. घर बांधताना हळदकुंकू लावून रोवलेली मेढ पडवीच्या ढिगाऱ्यातून तिनं ओढत आणली आणि रिंगणाशेजारी वाळूत रोवली.

"अहो, हा खांब जुना नाही!" पोर सांभाळत साहेब ओरडले.

"मग होऊ द्या की त्याला जुना!"