गॅरेजवरची रिंग

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या घरी गॅरेजवरच्या बास्केटबॉलच्या रिंगकडे धाकट्या रीसने फेकलेला प्रत्येक चेंडू थोरला कॅलम मुद्दाम हवेतच हाताने हाणून शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडे घालवायचा. धाकट्याचं कौतुक झालं की त्याच्या पोटात दुखायचं. पुढे रीस बास्केटबॉलमध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळला, तेव्हाही हा टीव्हीसमोर "नशीब काढलं लेकाने!" एवढंच पुटपुटला.

निवृत्तीच्या सामन्यानंतर टीव्हीवर रीसच्या हातात माइक आला. "माझा चेंडू एवढा उंच का जातो, विचारतात सगळे. अहो, घरी तो दादाच्या हातांवरून न्यावा लागायचा!"

घरी टीव्हीसमोर बसलेल्या कॅलमने हातातला बिअरचा कॅन खाली ठेवला.

 

शेजारी बसलेली आई म्हणाली, "मेल्या, आणखी थोडा जळला असतास तर पोरगं अमेरिकेत खेळलं असतं!"