क्रॉसिंगची वेळ

साडेदहा वाजून गेले तरी पेरू देशाहून बियाणं घ्यायला आलेल्या बाईंचा चहा काही संपेना. हसनाबादच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या ओळींत पंधरा बाया हात बांधून उभ्या होत्या. बियाणं कंपनीच्या जिनेंद्रशेटनी बजावलं होतं, मॅडम बघायला येईपर्यंत कुणी फुलाला हात लावायचा नाही. शेटना काय जातंय सांगायला! अकराचं ऊन चढलं की पराग मरतो, आणि आदल्या दिवशी चिमट्यानं पुंकेसर काढून ठेवलेल्या कळ्या फुकट जातात.

प्रियदर्शनीच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. परवापर्यंत तीही याच ओळीत, आईच्या शेजारी क्रॉसिंग, म्हणजे एका वाणाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचं काम, करत होती. दीड वर्ष मोबाइलवर बघून बघून पोरगी स्पॅनिश शिकली, म्हणून शेटनी आज तिला दुभाषी केलं. मॅडम खूष झाल्या तर एक तारखेपासून जालन्याच्या ऑफिसात खुर्ची. नाहीतर आहेच चिमटा, आहेच ही जाळी.

वहीचं एक पान तिनं सकाळपासून वीसदा उघडलं होतं. क्रॉस. एवढासा इंग्रजी शब्द, पण मेल्याची सोंगं किती! चर्चवरचा क्रूस असेल तर स्पॅनिशमध्ये क्रुस. रस्ता ओलांडणं, क्रुसार. दोन वाणांचा संकर, क्रुसे. रागावलेली बाई, एनोहादा. आणि अगदी तळाला, लिहिलेलं खोडणं, ताचार. हा शेवटचा काही केल्या डोक्यात बसत नव्हता. मिरचीत तो कशाला लागतोय, म्हणून तिनं त्याचा नाद सोडला.

बाई आल्या एकदाच्या. शेट लगेच कंपनीचं पुराण सांगत सुटले. बाईंची नजर मात्र तिसऱ्या ओळीतल्या चतुराबाईवर खिळली होती. चतुराबाई म्हणजे प्रियदर्शनीची आई. एकोणीस वर्षं क्रॉसिंग केलेली बाई ती, तिच्या कपाळाला आठ्यांचं जाळं पडलं होतं.

बाईंनी वाकून प्रियदर्शनीला काहीतरी भरभर विचारलं. निम्मं वाऱ्यावर गेलं, पण एनोहादा तिनं बरोबर पकडला.

"क्या बोल रही है?" शेट कुजबुजले.

"ती बाई रागावली का, असं विचारून राह्यल्यात."

"बिलकुल नाही म्हण. उन्हानं तोंड तसं दिसतंय म्हणावं."

प्रियदर्शनीनं आईकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघून राह्यली?" चतुराबाई तिकडूनच कडाडली. "फुलं मरून राह्यली! सांग की तिला."

खरं सांगावं तर खुर्ची गेली. न सांगावं तर आईच्या डोळ्यांदेखत कालची सगळी मेहनत मातीत.

"सी," ती म्हणाली. "एनोहादा. एस मी माद्रे."

मग एकदा तोंड उघडलंच म्हटल्यावर तिनं जवळ होते नव्हते तेवढे शब्द ओतले. हो, रागावलीय, ती माझी आई आहे. पराग अकराला मरतो. तुमच्यासाठी सगळ्या थांबल्यात. शेटना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. त्यांचा चेहरा पडला.

बाईंनी घड्याळ बघितलं आणि चक्क स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तशाच त्या बुटांनिशी ओळीत शिरल्या आणि चतुराबाईपुढं आपलं बोट केलं. चतुराबाईनं आपल्या बोटातली परागाची वाटी असलेली अंगठी काढली, पाहुणीच्या बोटात सरकवली आणि तिचं मनगट धरून पहिलं फूल त्या परागात बुडवून घेतलं.

"क्रुसे," बाई हसून म्हणाल्या.

"क्रॉसिंग," चतुराबाई म्हणाली. "आता दे माझी अंगठी. जल्दी!"

साऱ्या शेडनेटमध्ये हशा पिकला आणि पंधराही जणींचे हात चालू झाले.

दुपारी गाडीत बसताना शेट थोडे घुश्शातच बोलले. मॅडम म्हणतात, पुढचं सगळं बोलणं याच मुलीमार्फत. "एक तारखेला ये. साडेनऊला, बराबर."

गाडी दिसेनाशी झाली तशी प्रियदर्शनी पळत ओळीत आली आणि बातमी सांगून तिनं उद्याच्या कळ्यांसाठी सवयीनं चिमटा उचलला. चतुराबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि मुकादमाला हाक मारली.

"कडूबा, हजेरीचं बुक आण. हिचं नाव खोड."

"राहू द्या की काकू. एक तारीख तर येऊ द्या."

"आत्ता खोड. अशी रेघ मार, की पुन्हा वाचता येऊ न्हाई."

कडूबानं पेन चालवलं. एकदा, दोनदा, उभं, आडवं. प्रियदर्शनीला वाटलं होतं, या घडीला आपण आनंदानं नाचू. ती मात्र एकेक रेघ मोजत राहिली. ताचार. आता हा शब्द ती जन्मात विसरणार नव्हती.

चतुराबाईला अक्षरओळख नव्हती. ती वहीवर वाकली आणि खोडलेल्या नावाच्या खाली तिनं बोट टेकवलं.

"हे खालचं माझं ना?"

"हो, काकू."

"ते राहू दे," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीला लागली.